झोपलंय कोण?

मनीच्या लहानपणी घरात रात्र व्हायची ती सकाळी. बाहेर दूधवाल्याची सायकल खणखणू लागली, कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा झाली, की तिचे बाबा भट्टीवरून परत यायचे. बेकरीत रात्रपाळीला पाव भाजायचं त्यांचं काम. भुवयांवर मैदा, कानामागे मैदा, आणि अंगाला गरम पावाचा असा वास, की मनी आणि तिचा दादा नुसते त्यांच्याजवळ उभे राहूनच खूश व्हायचे. बाबा हातपाय धुवायचे, चार घास खायचे आणि आतल्या खोलीत जाऊन पडायचे. मग आई पडदे ओढायची आणि घरात रात्र सुरू व्हायची.

पडदे दुहेरी होते. आतून जाड काळं कापड, बाहेरून फुलाफुलांचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर हसतंखेळतं दिसलं पाहिजे, असा आईचा हिशेब. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले होते. मोरीतला नळ गळायचा, तर आईनं त्याच्या तोंडाला सुतळी बांधून खाली बादलीपर्यंत सोडली होती. थेंब टपटप न करता सुतळीवरून गुपचूप घसरत खाली यायचे. दाराच्या बिजागऱ्यांना दर रविवारी तेल मिळायचं, डोक्याला एखाद्या रविवारी नाही मिळालं तरी चालायचं.

आणि या सगळ्याच्या वर आईचं बोट. ओठांवर उभं धरलेलं, आणि त्यामागून आलेला एकच आवाज, "शू."

आता आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि ते दोन्ही लहान मुलांच्याच वाट्याला येतात. एकात गप्प बसायचं असतं आणि दुसऱ्यात पळायचं असतं. मनीच्या घरी मात्र दुसऱ्या अर्थाला जागाच नव्हती. त्यासाठी त्यांच्याकडे करंगळी होती.

मुलं म्हटली की ती खेळणारच. दादा आणि मनी शिवाशिवी खेळायचे, पण ज्याच्या पावलाचा आवाज होईल तो बाद. दोघं कडाकडा भांडायचे, पण नुसत्या ओठांनी. दादा ओठांनी "गाढव" म्हणायचा, मनी ओठांनी "तूच", आणि मग एकमेकांना चिमटे. हसू आवरेनासं झालं की उशीत तोंड खुपसायचं. रडायला मात्र स्वतंत्र सोय होती. बाहेरच्या खोलीत रजया-चादरींचं एक मोठं लाकडी कपाट होतं. कुणाला रडू आलं की त्यानं कपाटात शिरायचं, दार लावून घ्यायचं, रजईत तोंड घालून पोटभर रडायचं आणि डोळे पुसून बाहेर यायचं. आत कुणी असलं की दुसऱ्यानं थांबायचं. मनीला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं रडायचं कपाट असतं.

'मनी' हे नाव ठेवलं शेजारच्या काकूंनी. ही पोरगी कधी येऊन पाठीशी उभी राहायची ते कळायचं नाही. काकू दचकायच्या, छातीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अगं मांजर आहेस का काय तू? गळ्यात घंटा बांध बाई हिच्या!" पुढे सगळे तिला मनीच म्हणू लागले.

असं असूनही ते घर दुःखी नव्हतं, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. उलट मनीला आयुष्यभर जी स्वप्नं पडली ती त्या अर्धवट अंधाराचीच. आतल्या खोलीतल्या दुहेरी पडद्याला आरपार एक बारीकसं भोक होतं, सुई जाईल एवढं. दुपारचं ऊन समोरच्या रस्त्यावर पडलं की त्या भोकातून प्रकाशाची एक काडी आत यायची आणि पलंगासमोरच्या भिंतीवर सगळा रस्ता उलटा उमटायचा. माणसं डोकं खाली, पाय वर करून चाललेली. सायकलींची चाकं आकाशात. लाल छत्रीवाली बाई रोज त्याच वेळी जायची, छत्री खाली आणि ती वर. आवाज कशालाच नाही.

मनी आईची नजर चुकवून आत जायची, पलंगाशेजारी जमिनीवर उताणी पडायची आणि तो रस्ता बघत राहायची. वर बाबांचा श्वास चालू असायचा, एकसारखा. लाल छत्री आली की ती उठून भिंतीला हात लावायची, तर छत्री तिच्या हातावरून निघून जायची. बाबा कामाला जातात तो रस्ता हाच, म्हणजे बाबासुद्धा उलटेच चालत जात असणार, असं तिला वाटायचं.

एकदा भिंतीवर फुगेवाला आला. बाहेरच्या जगात फुगे वर जातात. मनीच्या भिंतीवर ते खाली लोंबत होते, पिवळे, हिरवे, निळे, द्राक्षांसारखा घोसच्या घोस, आणि वर फुगेवाल्याचे पाय. मनीला राहवेना. हे कुणाला तरी दाखवलंच पाहिजे होतं. ती उठली, बाबांच्या खांद्याजवळ गेली, हात पुढे केला. आणि तिची नजर त्यांच्या दंडाखाली गेली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा एक लांब डाग होता, गुळगुळीत, चकचकीत. तिनं हात मागे घेतला. फुगेवाला भिंतीच्या टोकाला जाऊन विरघळला.

त्या डागाची गोष्ट दादानं तिला एकदा भांडताना सांगितली होती, ओठांनीच. "तुझ्यामुळे भाजलं बाबांना. तू तान्ही होतीस तेव्हा दिवसभर गळा काढायचीस. बाबांना झोप मिळायची नाही. भट्टीपाशी डुलकी लागली त्यांना. तुझ्यामुळे." ओठांनी सांगितलेलं असलं तरी ते तिच्या कानात कायमचं जाऊन बसलं. त्या दिवशी ती कपाटात शिरली ती संध्याकाळी आईनं दार उघडेपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून आईला तिच्यासाठी ओठांवर बोट ठेवावं लागलं नाही.

शाळेत मनी म्हणजे अगदी मूग गिळून बसलेली. उत्तर यायचं, पण तोंडातून निघायचं ते समोरच्या बाकापर्यंतही पोचायचं नाही. गुरुजी म्हणायचे, "मोठ्यानं!" आणि तिच्या घशाला कुलूप लागायचं. कशीबशी शाळा संपली आणि ती लागली खिळ्यांच्या कारखान्यात.

तुम्ही म्हणाल, असल्या पोरीचा तिथे काय निभाव लागणार? तर तिथेच लागला. खिळ्यांच्या कारखान्यात तारेचं भेंडोळं एका बाजूनं यंत्रात जातं, यंत्र ती तार चावतं, तिच्या डोक्यावर हाणतं आणि खिळा खाली पडतो. अशी दोन रांगा यंत्रं, आणि पलीकडे लाकडाच्या भुशात खिळे घोळवणारं मोठं पिंप. त्या गदारोळात बाजूच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी काही कळत नाही. सगळे ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. नव्या माणसाला ते शिकायला महिने लागतात. मनी पहिल्या दिवशी दुपारीच मुकादमाच्या पाठीमागे बायका त्याच्याबद्दल काय बोलताहेत ते समजून खुदकन हसली. आयुष्यात पहिल्यांदा ती चारचौघांसारखी होती.

चौथ्या यंत्रावर एक उंच, दणकट गडी होता. त्याचा आवाज यंत्राच्या वरताण, म्हणून त्याला सगळे 'भोंगा' म्हणायचे. बारशाला जा नाहीतर मयताला, तो बोलायला लागला की मागच्या गल्लीतल्या खिडक्या उघडायच्या. पण मनीशी बोलताना तो ओठ सावकाश हलवायचा. एक दिवस धीर करून तो यंत्राच्या पलीकडून ओरडला, "लग्न करशील का माझ्याशी?" आणि नेमकी 'लग्न' शब्दापाशी वीज गेली. यंत्रं थांबली, पिंप थांबलं, आणि उरलेलं वाक्य सगळ्या कारखान्याच्या डोक्यावरून घुमत गेलं. हसून हसून मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मनीनं खाली मान घातली, मग हळूच वर केली आणि नुसत्या ओठांनी म्हणाली, "हो." ते फक्त त्यालाच दिसलं.

लग्न झालं. भोंग्यानं घरी आवाज चढवला की मनीचं बोट आपोआप ओठांवर जायचं. तिला ते कळायचंही नाही. त्याचा तिच्यावर जीव, म्हणून तो बिचारा आवाज खाली आणायचा, आणखी खाली आणायचा. "बाहेर भोंगा, घरात पुंगी," असं तो मित्रांना सांगायचा. खुर्च्यांच्या पायांना मोजे कधी चढले ते त्याला आठवत नाही. बिजागऱ्यांना तेल मिळू लागलं. एक दिवस मोरीतला नळ गळायला लागला आणि मनीनं त्याला सुतळी बांधली.

मग मुलगी झाली. ती पोटात असल्यापासून भोंगा तिला 'मैना' म्हणायचा. "ही बोलणार बघ! घराचं सगळं मौन फेडून टाकणार!" मनी म्हणायची, "मांजर आणि मैना एका घरात ठेवतोयस." तो गडगडून हसायचा आणि मनीचं बोट वर जायचं.

मैना कधी त्रास द्यायची नाही. तिनं भोकाड पसरायच्या आत मनी तिचं तोंड आपल्या छातीशी घट्ट धरायची, डुलत डुलत कुजबुजायची, आणि पोरगी निवायची. तिचं नुसतं "बा-बा-बा" सुरू झालं तरी मनी हलकेच "शू" करायची. लोक म्हणायचे, किती गुणी बाळ! काय खाऊन जन्म दिलास? मनीला कौतुक वाटायचं. मैना एक वर्षाची झाली, दोन वर्षांची झाली. करंगळी दाखवायला शिकली, बोटानं हवं ते दाखवायला शिकली. बोलायची नाही. होईल, होईल म्हणता म्हणता तिला बालवाडीत घातलं.

बालवाडीच्या बाई मोठ्या उत्साही. पहिल्याच दिवशी मैना त्यांच्याकडे बघून म्हणाली, "शू." बाईंनी लगबगीनं तिला उचललं आणि न्हाणीघरात नेलं. मैना तिथे नुसती उभी राहिली. परत वर्गात आणलं. पोरं गाणं म्हणायला लागली, मैना म्हणाली, "शू." पुन्हा न्हाणीघर. कुणी ठोकळे पाडले, "शू." न्हाणीघर. असं बरेच दिवस चाललं. बाईंचे पाय दुखायला लागले. शेवटी त्यांनी मनीला बोलावून घेतलं.

"मुलीला लघवीचा काही त्रास आहे का हो?" बाईंनी विचारलं. "दिवसभर शू शू करते, आणि नेलं तर काहीच करत नाही."

मनी गोंधळली. तेवढ्यात वर्गात एका पोरानं पत्र्याच्या डब्यावर काठी हाणली. मैना उठली, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि ओठांवर बोट ठेवून गंभीरपणे म्हणाली, "शू."

बाई बघत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. "अगं बाई! आणि मी हिला इतके दिवस..." हसता हसता त्यांनी मनीचा चेहरा पाहिला आणि त्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "एवढा एकच शब्द येतो का हिला?"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मैनेच्या मागे घंटी वाजवली. मैना वळली आणि डॉक्टरीणबाईंनाच "शू" म्हणाली. "कान माझ्यापेक्षा चांगले आहेत हिचे," त्या म्हणाल्या. "घशातही काही नाही. मला एक सांगा, घरात कुणी आजारी असतं का?"

"नाही."

"रात्रपाळीवालं कुणी? दिवसा झोपणारं?"

"नाही," मनी म्हणाली, पण तिचा आवाज फुटला नाही. डॉक्टरीणबाईंना पुढे वाकावं लागलं.

"मूल आधी नुसता कालवा करतं, बघा. अर्थ नसलेला, उगाचचा. त्या कालव्यातूनच पुढे शब्द निघतात. तिला जरा गोंधळ घालू द्या. आणि तुम्हीही घाला." त्या हसल्या. "अजून वेळ गेलेली नाही. पण फार थांबूही नका."

सांगायला काय जातं! मनीनं त्या संध्याकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं बोलायचा प्रयत्न केला. डोळ्यांसमोर तो चकचकीत डाग आला. आवाज निघाला तो कुलपात किल्ली फिरल्याएवढा. ती घाबरली. स्वतःसाठी नाही. आपल्या गळ्यातली मुकी गाठ आपण पोरीच्या गळ्यात बांधली, आणि आता ती कधी सुटलीच नाही तर? या एका विचारानं तिची झोप उडाली.

दोन दिवसांनी मैना उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा फुटला. भोंगा धावला, पण त्याच्या आधीच ती उठली होती. ओठ थरथरत होते, डोळे भरले होते. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं, आत शिरली आणि मनीच्या साड्यांत तोंड खुपसलं. तिची इवलीशी पाठ हलत होती. आवाज नव्हता.

मनीनं तिला कपाटाची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. पोरीचं तोंड मात्र दर वेळी तिनंच छातीशी दाबलं होतं.

भोंगा कपाटापाशी खाली बसला. कितीतरी वेळ तो पोरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं मनीकडे पाहिलं आणि त्याच्या खऱ्या आवाजात, कारखान्यातल्या आवाजात विचारलं, "मने, आपल्या घरात झोपलंय कोण?"

मनीचं बोट ओठांवर गेलं होतं. ते तिथेच राहिलं.

सुट्टीच्या दिवशी ती मैनेला घेऊन माहेरी गेली. का, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. आईला विचारायचं होतं बहुधा. बाबांना भट्टी सोडून बरीच वर्षं झाली होती. आता ते इतरांसारखे रात्री झोपायचे. पण जेवण झाल्यावर दुपारीही पडायचे, आणि ते पडले की आई पडदे ओढायची. सवय म्हणा, काही म्हणा. काळं कापड विटून तपकिरी झालं होतं. आईनं दार उघडलं ते बोट ओठांवर ठेवूनच.

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मनीनं कुजबुजत सगळं सांगितलं, बालवाडी, डॉक्टरीणबाई, कपाट. आई ऐकत होती आणि तिच्या हातातलं फडकं उगाचच ओट्यावरून फिरत होतं.

"माझं चुकलं म्हणतेस?" आईनं कुजबुजत विचारलं. "त्यांचा हात बघितला होतास ना? पुन्हा झोप लागली असती आणि तोंडावर पडले असते भट्टीत, तर? मी काय करणार होते तुम्हा दोघांना घेऊन?"

"तुझं चुकलं नाही म्हणत, आई."

"मग?"

मनीनं मैनेसाठी मागे पाहिलं. मैना नव्हती.

आतल्या खोलीचं दार किलकिलं होतं. मनी तिच्या मांजरपावलांनी तिथवर गेली आणि थबकली. खोलीत तोच जुना, पाण्याखाली असावा तसा अंधार होता. पडद्याचं भोक तेवढंच होतं, कदाचित जरा मोठं झालेलं. पलंगावर बाबा डोळे मिटून उताणे पडले होते. आणि पलंगाशेजारी जमिनीवर, अगदी त्याच जागी, मैना उताणी पडून समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर रस्ता उलटा चालला होता.

माणसं गेली, एक सायकल गेली. मग एक कुत्रं आलं, पाय वर, शेपूट खाली, आणि भिंतीच्या बरोबर मधे उभं राहून शांतपणे अंग खाजवायला लागलं.

मैना उठून बसली. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, पुन्हा कुत्र्याकडे. तिचं तोंड उघडलं. ती उभी राहिली, पलंगाशी गेली आणि तिचा हात आजोबांच्या खांद्याच्या दिशेनं निघाला.

मनीचं बोट ओठांपाशी पोचलं होतं. "शू" जिभेच्या टोकावर होतं. मागे आई येऊन उभी राहिली होती, तिचंही बोट वर होतं. मनीनं आपलं बोट दुसऱ्या हातानं धरलं आणि खाली ओढलं. मग वळून आईचंही धरलं.

मैनेचा हात खांद्यावर पडला. "आबा," ती म्हणाली. तो श्वासच होता. आबा हलले नाहीत. कुत्रं निघायच्या बेतात होतं. मैनेनं त्यांना दोन्ही हातांनी गदागदा हलवलं आणि घरानं कधी ऐकला नव्हता असा चिरका, किनरा, जोरकस आवाज आला. "आबा! ऊठ! भू भू! उलता! ऊठ ना!"

आबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचे ओठ थरथरत होते. ते म्हणाले, "आणखी एकदा."

"ऊठ!" मैना किंचाळली.

"उठलो बाळा. केव्हाचा उठलोय."

त्यांनी डोळे उघडले, पोरीला उचलून छातीवर घेतलं आणि भिंतीवरच्या कुत्र्याकडे बघून खोऽ खोऽ हसले. मग त्यांना दारात मनी दिसली. हसू मावळलं नाही, पण त्यात दुसरंच काहीतरी मिसळलं.

"तू नाही उठवलंस," ते म्हणाले. "फुगेवाला आला होता तेव्हा. तुझा हात इथवर आला होता." त्यांनी खांद्यापासून वीतभर अंतर दाखवलं. "मी म्हटलं, आता लावेल, आता लावेल. तू परत गेलीस."

मनी दारातून पुढे सरकली. "तुम्ही जागे होता?"

"नेहमीच नाही. पण तू आत आलीस की जाग यायचीच. डोळे बारीक करून बघायचो. लाल छत्री आली की भिंतीला हात लावायचीस तू."

"पण बाबा, तुमचा हात... मी रडायचे म्हणून... तुम्हाला झोप..."

"कोण म्हणालं?"

आता आई पुढे आली. तिचा आवाज कुजबुजीतून जरासा वर सरकला. "तुम्हीच म्हणालात! दवाखान्यात पट्टी बांधत होते तेव्हा, माझ्यासमोर म्हणालात, ही पोरगी मला झोपूच देत नाही."

बाबा पोरीला घेऊन उठून बसले. "अगं, ते मी कौतुकानं म्हणालो."

"रडत कुठे होती ती?" बाबा म्हणाले. "बोलायची माझ्याशी. शब्द नव्हते, पण बा-बा-बा, ग-ग-ग, काय वाट्टेल ते. मी आलो की हिचं सुरू. मग मला कसली झोप? मीही आपणहून बोलत बसायचो. पट्टी बांधणाऱ्याला मी मिरवून सांगत होतो, की आमची पोरगी मला झोपू देत नाही. आणि घरी आलो तर तू पडदे शिवायला घेतलेले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू नळाला सुतळीसुद्धा बांधली होतीस गं." त्यांनी भाजलेल्या हातानं मैनेचे केस सारखे केले. "तू स्वतः काम करताना गुणगुणायचीस, तेही बंद केलंस. एवढं सगळं माझ्यासाठी केलेलं. त्यावर मी काय म्हणणार होतो? म्हटलं चार दिवसांत सुटेल आपोआप. नाही सुटलं. मग मी पडून राहायचो आणि कान लावायचो, कुणी चुकून तरी काही पाडतंय का."

आई पलंगाच्या कडेवर बसली. तिनं तोंडाला पदर लावला, सवयीनंच, आणि मग तो खाली घेतला आणि अगदी साधं, सगळ्यांना ऐकू जाईल असं रडली.

मनी तिथेच उभी होती. इतकी वर्षं जो डाग तिनं स्वतःच्या नावावर लावून घेतला होता, तो आता समोर मैनेच्या केसांतून फिरत होता, आणि तो नुसताच भाजल्याचा डाग होता.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा उशीवर टेकले, दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. घोरल्याचा आवाजही काढला, वाईट नाटक करणाऱ्या माणसासारखा. मैना खिदळली.

"फुगेवाला आलाय गं भिंतीवर," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "चालला बघ तो."

मनी पलंगाशी आली. तिनं हात पुढे केला, ते वीतभर अंतर ओलांडलं आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. "बाबा," ती म्हणाली. कुजबुज. बाबा घोरत राहिले. "बाबा, उठा." जरा वर. घसा खरवडून निघाला. तिनं श्वास घेतला, पोटापासून घेतला, आणि तिच्या तोंडातून जे निघालं ते तिला स्वतःलाही ओळखता आलं नाही.

"बाबा, उठा!"

खिडकीची काच थरथरली. मैनेनं टाळ्या पिटल्या आणि तीही ओरडली, "उथा! उथा! उथा!" पाठोपाठ मनी पुन्हा, आणि मग दोघी मिळून.

बाहेरचं दार धडाधडा वाजलं. शेजारच्या काकू होत्या, आता पार वाकलेल्या. पायांत चप्पल नाही, छातीवर हात. "काय झालं गं? कुणाचं काही झालं का? तुमच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला, माझ्या काळजाचं पाणी झालं!"

आई डोळे पुसत दारात उभी होती. आत पोरगी आणि नात घसा फाडून ओरडत होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारा मोठमोठ्यानं हसत होता. आईनं आयुष्यात पहिल्यांदा काकूंना त्या ओरड्याच्या वरच्या पट्टीत उत्तर दिलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "उठलेत ते."